काकूंनी लिहिलेला शेवट

काकू एकट्याच भांडायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरलो. कॅनडातल्या एडमंटनमध्ये त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला आलो त्याला आठवडाही झाला नव्हता, आणि वरच्या स्वयंपाकघरातून दोन बायकांचे आवाज येऊ लागले. एक तावातावाने बोलत होती, दुसरी थंडपणे तिचं बोलणं तोडत होती, आणि दोघी इंग्रजीत. जिन्यातून डोकावून पाहिलं तर काकू एकट्याच कणिक मळत उभ्या. मला पाहून जराही ओशाळल्या नाहीत. "ग्रोसरीत दोघी मायलेकी भांडत होत्या," म्हणाल्या. "मधेच आपल्या गाडीत बसून निघून गेल्या. उरलेलं मी पूर्ण करून बघतेय."

त्या मूळच्या अमरावतीच्या. काकांच्या नोकरीमुळे अल्बर्टात आल्या आणि एका हॉस्पिटलमध्ये टायपिस्ट झाल्या. डॉक्टर रेकॉर्ड करून ठेवत ते कानाला हेडफोन लावून टाइप करायचं, असं ते काम. पुढे ते काम सॉफ्टवेअर करायला लागलं आणि काकू घरी बसल्या. पण इतकी वर्षं अनोळखी आवाज ऐकून त्यांचा कान विलक्षण तयार झाला होता. "वाईट बातमी असली ना, की डॉक्टर आधी खोकायचे," त्या सांगायच्या. "टाइप करताना खोकला गाळायचा असतो. पण खरा रिपोर्ट तोच असायचा."

मी नागपूरहून शिकायला आलो आणि इथेच नोकरीला लागलो. दिवसभर ऑफिसात कुणाच्या तरी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहायचं आणि सुटीच्या दिवशी मेगनबरोबर गेम करायचा, असं माझं चाललं होतं. मेगन माझी कॉलेजातली मैत्रीण, इथलीच, चित्रं काढायची. आम्ही करत होतो ती व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे वाचायचा गेम. पडद्यावर चित्र असतं, खाली पात्रांचं बोलणं येत जातं, आणि मधूनमधून वाचणाऱ्याने ठरवायचं की या पात्राने आता काय म्हणावं. त्याप्रमाणे गोष्ट वळते. आमची गोष्ट आमच्यासारख्यांचीच होती. रूथ आणि आयव्ही या दोन मैत्रिणी एका बेसमेंटमध्ये छोटासा गेम तयार करतात, तो लोकांना वेड लावतो, आणि मग त्या लोकांचं प्रेम सांभाळता सांभाळता दोघींचं काय होतं, ते सांगायचं होतं.

एका रविवारी दुपारी मी आणि मेगन संवाद मोठ्याने वाचून बघत होतो. काकू पोह्यांची ताटली घेऊन खाली आल्या आणि ताटली हातात तशीच धरून ऐकत उभ्या राहिल्या. मेगनसमोर त्या इंग्रजीतच बोलायच्या, पण राग आला की वऱ्हाडी बाहेर पडायची. "काऊन रे निखिल, हे कोनं लिहिलं? मानसं असं बोलतात का?" मी म्हटलं, मीच लिहिलं. त्यांनी ताटली टेबलावर ठेवली, मेगनच्या हातातली पेन्सिल घेतली आणि आमच्या पानावरच्या चार ओळींपैकी तीन खोडल्या. उरलेली ओळ मेगनने वाचली आणि म्हणाली, "ओह." त्या दिवसापासून लेखिका काकूच.

पुढची दोन वर्षं त्या घरातलं भांडण थांबलं नाही. रूथ सिंकपाशी उभी राहून बोलायची आणि आयव्ही फ्रिजपाशी. काका सोफ्यावर पेपर वाचत बसलेले असायचे. कधी मान वर करून म्हणायचे, "ती रूथ जरा जास्तच लागट बोलली." काकू थबकायच्या, विचार करायच्या आणि बहुतेक वेळा म्हणायच्या, "बोलू दे. तिला आत्ता लागलंय." काकांनी आयुष्यभर सरकारी खात्यात रस्ते बांधले होते. कथा-कादंबऱ्यांशी त्यांचा संबंध नव्हता. पण त्या घरात रूथ आणि आयव्ही त्यांनाही घरच्या माणसांइतक्या ओळखीच्या झाल्या होत्या.

गेमवर नाव काय घालायचं हा प्रश्न आला तेव्हा काकूंनी आपलं खरं नाव घालू दिलं नाही. "त्या नावाने मला फक्त बँक हाक मारते," म्हणाल्या. मग आम्ही नुसतं 'काकू' घातलं. गेम आम्ही भागाभागांनी काढला. पहिला भाग कुणी वाचला नाही. दुसरा थोड्यांनी वाचला. तिसऱ्याच्या वेळी कुठल्याशा मुलीने त्यावर एक लांबलचक व्हिडिओ केला आणि वाचणाऱ्यांसाठी आम्ही उघडलेल्या चॅटच्या खोलीत माणसं लोंढ्याने यायला लागली. ब्राझील, पोलंड, फिलिपिन्स, कुठून कुठून. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, काकू म्हणजे काय? काकूंनी लिहिलं, आई रागावली की आपण जिच्याकडे जातो ती. त्या एका ओळीवर ती मुलं भाळली. त्यांनी काकूंची चित्रं काढली. सगळ्या चित्रांत नऊवारी, अंबाडा, कपाळावर मोठं कुंकू. प्रत्यक्षात काकू ट्रॅक पँट आणि काकांचा जुना स्वेटर घालून बसलेल्या असायच्या. तरी एकेक चित्र छापून त्यांनी फ्रिजवर लावलं. फ्रिजचं दार पांढरं आहे हे नंतर आठवेनासं झालं.

"कुणी लिहिलं तर उत्तर द्यायचं असतं," हे काकूंचं ठाम मत. सकाळचा चहा झाला की चष्मा लावून त्या लॅपटॉपसमोर बसायच्या आणि एकेकाला उत्तर द्यायच्या. परीक्षेत नापास झालेल्याला, घरात पटत नसलेल्याला, नुसतं "रूथ आवडली" एवढंच लिहिणाऱ्यालाही. मेगन म्हणायची, "काकू, तुम्ही त्यांच्या आई नाही आहात." त्या म्हणायच्या, "म्हणून तर ते मला लिहितात." काका कुकरच्या शिट्ट्या मोजत हाक मारायचे, "तुझ्या नातवंडांचं झालं असेल तर जेवायला बसूया."

त्यातली एक विलो. हे तिने स्वतः घेतलेलं नाव. खरं नाव आम्हाला कधी कळलं नाही. ओंटारिओच्या उत्तर भागात कुठल्यातरी गावात राहायची. आई आजारी, शाळा सुटलेली, घराबाहेर फारसं पडणं नाही. ती रोज लिहायची आणि काकू रोज उत्तर द्यायच्या. हिवाळ्यात काकूंनी तिला लोकरीची टोपी विणून पाठवली, सोबत बेसनाचे लाडू. टोपी घातलेला फोटो आला त्यात चेहरा दिसत नव्हता, नुसती टोपी आणि खिडकीबाहेरचा बर्फ. तो फोटोही फ्रिजवर गेला. आमच्या चॅटच्या खोलीत विलोला मान होता. काकूंची लाडकी म्हणून तिला सगळे ओळखायचे. तिच्याजवळ दुसरं काही नसावं, पण हे होतं.

शेवटचा भाग आला तो भर थंडीत. त्यात रूथ निघून जाते. वाचणाऱ्याने कुठलाही पर्याय निवडला तरी जाते. एका दुपारी ती कोट घालते, आयव्हीला म्हणते, "दूध आणायला हवंय का?" आणि परत येत नाही. ती का गेली हे गोष्टीत कुठेच सांगितलेलं नाही. मी काकूंना विचारलं होतं, एखादी वाट तरी ठेवूया का, जिच्यात ती थांबते? काकू म्हणाल्या, "नाही. आयव्हीने काहीही केलं असतं तरी ती गेलीच असती. हे वाचणाऱ्याला कळायला हवं, म्हणजे आयव्ही स्वतःला दोष देणार नाही." मला तो शेवट तेव्हाही थोर वाटला होता, आजही वाटतो.

वाचणाऱ्यांना तो सहन झाला नाही. पहिले दोन-चार दिवस नुसतं रडणं होतं. मग विनंत्या सुरू झाल्या, शेवट बदला, निदान एक पर्याय द्या. मग राग. दोन वर्षं आम्ही या दोघींना जीव लावला, आमच्या निवडीला काही किंमतच नव्हती तर आम्हाला निवडायला लावलं कशाला, असं ते विचारत होते. काकूंना तो राग समजत होता. त्या सकाळ-दुपार बसून एकेकाला उत्तर देत राहिल्या. पण त्यांचं समजावणं आणखी हजार जण वाचत होते आणि प्रत्येकाला त्यात काहीतरी खुपत होतं. ओटावाहून त्यांच्या मुलाचा, अमोलचा फोन आला. तो तिथल्या कनाटा भागात एका टेक कंपनीत आहे. काकू मराठीत बोलायच्या, तो इंग्रजीतून उत्तर द्यायचा. "मॉम, जस्ट लॉग ऑफ. इट्स नॉट रियल लाइफ." काकू म्हणाल्या, "अरे, माणसं तर खरी आहेत ना?"

आणि मग विलोने काकूंची खासगी पत्रं सगळ्यांसमोर टाकली.

काकूंनी तिला जे लिहिलं होतं ते मी पहिल्यांदा तिथे वाचलं, इतर सगळ्यांबरोबर. काकूंना एक धाकटा भाऊ होता, दिनू. अमरावतीत दोघं मिळून गल्लीतल्या गणपतीसाठी नाटुकली लिहायचे. तो एक भूमिका बोलायचा आणि ही दुसरी. एका दुपारी तो आईला "काही आणायचं आहे का?" असं विचारून घराबाहेर पडला आणि परत आलाच नाही. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, प्रेमप्रकरण नव्हतं. त्यांची आई मरेपर्यंत एकच विचारत राहिली, मी त्या दिवशी काय बोलले असते तर तो थांबला असता? रूथ म्हणजे दिनू होता. हे काकूंनी मला सांगितलं नव्हतं, मेगनला नाही, मुलालाही नाही. त्या न दिसणाऱ्या मुलीला सांगितलं होतं, कारण तिने लिहिलं होतं की माझे वडीलही असेच गेले.

पण ते सगळं कुणी वाचलं नाही. पत्राच्या शेवटी काकूंनी एक वाक्य लिहिलं होतं. मला या मुलांचा राग येतो कधीकधी, रूथ परत हवी म्हणतात म्हणून, मला कुणी पर्याय दिले नव्हते. त्यातलं "मला या मुलांचा राग येतो" एवढंच कापून फिरवलं गेलं. त्याच्यावर चित्रं झाली. त्याच नऊवारीतल्या काकू, आता दात विचकून मुलांच्या हातातली खेळणी हिसकावणाऱ्या. काढणाऱ्यांत काही तीच मुलं होती, तोच हात. मेगनने रेषा ओळखली.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी घराचा पत्ता शोधून काढला. न मागवलेले पिझ्झे येऊ लागले. काका प्रत्येक पोऱ्याची माफी मागून त्याला परत पाठवायचे. मग घरचा फोन वाजायला लागला. उचलला की कुणी हसायचं, कुणी रूथचे संवाद म्हणून दाखवायचं. एका सकाळी फोन आला तो मात्र शांत, भारदस्त आवाजाचा होता. ओटावाच्या हॉस्पिटलमधून बोलतोय, तुमच्या मुलाच्या गाडीला अपघात झालाय. बोलण्याआधी तो माणूस खोकला. काकूंनी मला नंतर एवढंच सांगितलं, "खोकला इतका बरोबर होता, निखिल, की मी पुढचं ऐकलंच नाही."

काकांनी मला वरून हाक मारली. मी वर गेलो तेव्हा ते बूट हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले होते. पायात घालायचे हे त्यांना सुचत नव्हतं. अमोल फोन उचलत नव्हता. मी त्याच्या ऑफिसात फोन लावला, तिथे कुणी मिळेना. काकू बॅग भरत होत्या आणि त्या बॅगेत त्यांनी फक्त त्याचे लहानपणीचे फोटो भरले होते, हे मी पाहिलं. शेवटी अमोलचाच फोन आला. मीटिंगमध्ये होता. "व्हॉट हॅपन्ड? सो मेनी मिस्ड कॉल्स?" काकूंनी त्याचा आवाज ऐकला आणि फोन माझ्या हातात दिला. मग टेबलाला धरून हळूच खाली बसल्या.

पोलीस आले. तरुण अधिकारी होती, सभ्य होती. तिने सगळं लिहून घेतलं आणि फोन नंबर बदलायला सांगितलं. पुढे त्याचं काही झालं नाही.

त्या दिवसानंतर स्वयंपाकघरातले आवाज बंद झाले. कणिक मळली जायची, भाजी फोडणीला पडायची, पण कुणी कुणाशी भांडत नव्हतं. मला खाली ती शांतता सोसायची नाही. मी पायांचा आवाज करत वर जायचो, काही कारण काढून बसायचो. काका पेपर वाचत असायचे, पानं मात्र उलटायची नाहीत.

विलोबद्दल मेगन फार वाईट बोलली. काकूंनी तिला बोलू दिलं नाही. "तिला सगळ्यांनी मिळून विचारलं असेल, तू तर काकूंची लाडकी, सांग ना, असं का केलं त्यांनी. तिच्याजवळ सांगण्यासारखं तेवढंच होतं. एक दिवस तरी सगळे तिचं ऐकत होते." त्यांनी विलोला लिहिलं, मी रागावले नाही, आई कशी आहे ते कळव. ते पोचलं नाही. विलोने खातं बंद केलं होतं. तिचा फोटो फ्रिजवरून काढायला मी हात पुढे केला तर काकू म्हणाल्या, "राहू दे. टोपी मी विणलीय." बाकीची चित्रं मात्र त्यांनी स्वतः उतरवली आणि रिसायकलिंगच्या निळ्या पिशवीत भरली.

मार्चमध्ये वाचणाऱ्यांपैकीच काही जणांनी आपला शेवट करून घातला. आमच्याच गेमला जोडायचा एक तुकडा, फुकट. त्यात रूथ दूध घेऊन परत येते. दार उघडं असतं, आयव्ही जागी असते, दोघी नवा गेम करायला बसतात. एका महिन्यात असं झालं की आमचा गेम म्हणजे तो शेवट. नवीन येणाऱ्याला लोक बजावायचे, आधी तो तुकडा घाल, मूळचा शेवट वाचू नकोस.

काकू म्हणाल्या, मला दाखव. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून त्यांनी तो पूर्ण वाचला. बाहेर काका दारातला बर्फ ढकलत होते, त्यांच्या फावड्याचा आवाज येत होता. संपल्यावर काकूंनी लॅपटॉप मिटला.

"वाईट लिहिलाय," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या. "पण माझ्या आईला हाच आवडला असता."

मग त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे सांगितलं की त्यांचं नाव गेमवरून काढायचं. मी वाद घातला. मेगन बसने शहराच्या दुसऱ्या टोकाहून आली, तिने वाद घातला, मग रडली. काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला चहा करून दिला, पण ऐकलं नाही. "मी माझं बोलले. ते कुणाला नको आहे. दुसऱ्याच्या बोलण्यावर माझं नाव कशाला?" त्या आठवड्यात आम्ही ते काढलं. आता त्या गेमवर लेखकाचं नाव नाही. विचारणारंही कुणी नाही.

उन्हाळ्यात घर विकायला काढलं. अमोलने ओटावात आपल्या कॉन्डोच्या जवळच त्यांच्यासाठी जागा बघितली होती. काकूंनी ना हरकत घेतली ना उत्साह दाखवला. सामान बांधताना मेगनने त्यांना विचारलं, तिकडे काही लिहिणार का? काकू म्हणाल्या, "कुणाचा आवाजच येत नाही गं आता." हे त्यांनी मराठीतच म्हटलं. मेगनने माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही.

विमानतळावर त्यांना मी सोडलं. काका बॅगांपाशी घुटमळत होते, एक बॅग दिसेना. मी जरा मोठ्याने हाक मारली, "काकू, निळी बॅग तुमच्याकडे आहे का?" रांगेत पुढे उभी असलेली एक मुलगी वळली. विशीतली असेल. तिच्या पाठीवरच्या सॅकला एक बिल्ला होता, त्यावर मेगनने काढलेली रूथ, कोट घातलेली. ती आमच्याजवळ आली. काकूंकडे पाहत, अगदी हळू आवाजात, शब्द नीट उच्चारत तिने विचारलं, "एक्स्क्यूज मी, आर यू काकू?"

काकूंनी बिल्ल्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "नो, डियर," त्या म्हणाल्या. "इट जस्ट मीन्स आंट." आणि बॅगचा पट्टा खांद्यावर नीट करून सिक्युरिटीच्या दिशेने चालू लागल्या. काकांनी माझा हात घट्ट दाबला आणि त्यांच्यामागे गेले.

मुलगी तिथेच उभी होती. ती मला म्हणाली, सॉरी, मला वाटलं त्या एका गेमच्या लेखिका आहेत. मी विचारलं, कसा होता गेम? ती म्हणाली, माझा भाऊ गेल्या वर्षी घर सोडून गेला. माझं काय चुकलं ते शोधत होते. त्या गेममध्ये मी सगळे पर्याय निवडून पाहिले, प्रत्येक वेळी ती जातेच. मग मला पहिल्यांदा झोप लागली.

हे मी काकूंना सांगायचं ठरवलं. मला वाटलं, ज्याच्यासाठी लिहिलं होतं तो वाचक मिळाला, हे कळलं तर काहीतरी परत सुरू होईल. पुढच्या रविवारी फोन केला आणि त्या मुलीचा शब्द न् शब्द सांगितला. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हाक मारली.

"ऐकतेय," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "निखिल, हे मला परत सांगू नकोस."

आणि त्यांनी फोन काकांकडे दिला. काका बराच वेळ ओटावाच्या बसबद्दल बोलत राहिले. जाताना सोपी पडते म्हणाले, येताना मात्र फार वाट बघायला लावते.